अकराची लाट

अख्खी संस्था तिला वहिनी म्हणायची. समुद्राच्या भौतिकशास्त्रात तिच्या शब्दाला वजन होतं, नावापुढे पदव्यांची रांग होती; पण सख्खी नणंद त्याच इमारतीत दोन मजले वर, अडीच-तीन वर्षांच्या मुलांवर संशोधन करायची आणि जिन्यातून "ए वहिनीऽ" अशी हाळी द्यायची. मग काय, शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली. नणंदेला ती चिमणी म्हणायची. चिमणी पंचेचाळिशीची होती, पण ते असो.

तळघरात वहिनीचा हौद होता. बारा मीटर लांब, काचेच्या भिंतींचा. तळाला खारं पाणी, वर गोडं, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे रंगाची एक निळी रेघ. समुद्र वरून शांत दिसत असला तरी आत लाटा चालतच असतात, त्यांचा अभ्यास ती या रेघेवर करायची. शुक्रवारी समितीची बैठक होती. हौद ठेवायचा, की फोडून तिथे जुन्या दप्तराची कपाटं लावायची, हे ठरणार होतं. कपाटं! वीस वर्षांच्या कामावर कपाटं! पण वहिनी निर्धास्त होती. तिच्याकडे हुकमाचा एक्का होता. सगळी यंत्रं बंद असतानाही त्या रेघेवर आपोआप एक लाट उठायची, दोन वर्षं उठत होती, आणि तिच्यावरचा निबंध लिहून तयार होता.

मंगळवारी चिमणी चहाला खाली आली, तेव्हा वहिनीनं कौतुकानं आलेख तिच्यापुढे सरकवला.

"बघ माझी लाडकी. आजही आली. अकरा वाजून पाच मिनिटांनी."

चिमणीनं तारखांवरून बोट फिरवलं. "ही मंगळवार-गुरुवारचीच येते की काय गं?"

"बहुतेक. आदल्या दिवशी हौद भरतो ना आम्ही, रात्रभरात पाणी छान स्थिरावतं."

"वहिनी," चिमणी सावकाश म्हणाली, "मंगळवारी आणि गुरुवारी अकराला आमच्याकडे बेडूकउड्या असतात. अकरा मुलं, एकदम."

वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला. निबंधात तिनं रस्त्यावरच्या ट्रकपासून चंद्रापर्यंत सगळ्यांचा विचार केला होता. बेडूकउड्यांचा नव्हता. दोन वर्षांत ती एकदाही वरच्या मजल्यावर फिरकली नव्हती.

"अगं बाई गं! कसली मूर्ख मी!" तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. मग नाक पुसून ती ताठ बसली. "चल, तपासून बघू. तुमच्या त्या चिठ्ठ्या-पाकिटांनीच बघू."

चिमणीच्या शास्त्रात एक कडक नियम होता. उत्तर काय हवं आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानं मुलांच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. मुलं मोठ्यांचा चेहरा वाचतात, म्हणून सूचना चिठ्ठीतून जायच्या आणि त्यांची प्रत बंद पाकिटात राहायची. वहिनी आजवर या प्रकाराला सोंगं म्हणून हसत आली होती.

गुरुवारी चिमणीनं उड्यांच्या पाच वेळा मनानं ठरवल्या. त्यांची एक चिठ्ठी मुलांना खेळवणाऱ्या खेळताईला दिली, दुसरी पाकिटात बंद करून वर सही ठोकली, आणि स्वतः दिवसभर वाचनालयात जाऊन बसली. वहिनी हौदासमोर ठाण मांडून होती. लाट चारदा उठली.

"फोडायचं पाकीट?" संध्याकाळी चिमणीनं विचारलं.

"उद्या. समितीसमोर."

"वेड लागलंय का तुला? हौद जाईल!"

"खोट्या लाटेवर वाचलेला हौद मला नकोच. आणि हौद नाही गं खोटं बोलला, मी बोलले."

शुक्रवारी तिनं उभं राहताच सांगून टाकलं, "माझी आपोआप उठणारी लाट वरच्या मुलांच्या उड्यांची असावी. निबंध मी रद्द केलाय. आता हे पाकीट फोडा."

अध्यक्षांनी चिठ्ठी आलेखाशेजारी ठेवली. चार वेळा मिनिटाबरहुकूम जुळल्या. पाचवी, पावणेतीनची, जुळेना. तिथे रेघ सपाट होती.

"म्हणजे ही उडी हौदाला कळलीच नाही," दप्तरखान्याचे प्रमुख खुशीत म्हणाले. चिमणीचा चेहरा खर्रकन उतरला.

वहिनी जागची हलली नाही. "हौद चुकलेला नाही. चिमणे, तुमच्या खोलीतलं पावणेतीनचं चित्रीकरण लाव."

"मीसुद्धा अजून बघितलं नाहीये गं," चिमणी पुटपुटली, पण तिनं लावलं.

पडद्यावर खेळताई टाळ्या वाजवत होती. "एक, दोन, तीन, उडी!" एकही मूल उडत नव्हतं. अकराच्या अकरा जण फरशीवर पालथे पडून एका मुंगीकडे बघत होते. खेळताईनं पुन्हा एक-दोन-तीन सुरू केलं, तशी एका चिमुरडीनं ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प केलं.

खोलीत हसण्याचा फवारा उडाला. चिमणी तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "दोन मजल्यांवरून एवढं कळतं याला? उडी मारली की नाही, तेसुद्धा?"

"कळतं," वहिनी म्हणाली. "दोन वर्षं सांगत होता. मीच ऐकत नव्हते."

अध्यक्षांनी समोरच्या कागदावर हौदापुढे बरोबरची खूण केली.

"अहो, मग माझी कपाटं?" दप्तरखान्याचे प्रमुख कळवळले.

"दुसरीकडे कुठेही लावा," अध्यक्ष म्हणाले, "पण हळूच ठेवा. आपटलीत तर वहिनींना कळेल."