लाल पाणी आणि योसेफचा आंबा

शुक्रवारी दुपारी इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहामच्या आंबेबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याची पाळी संपवून आलेले पुरुष, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, सगळे एका झाडाभोवती गोळा झाले होते. झाड जेमतेम माणसाच्या खांद्याएवढं. पण महिन्यापूर्वी हळदीसारखं पिवळं पडलेलं ते झाड आता हिरवंगार दिसत होतं. ही किमया करणारा शमशोन पांढरा सदरा घालून, डोळे मिटून शेजारी उभा होता.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" तो म्हणाला. "साधं नळाचं पाणी, पण माझा हात लागला नि लालभडक झालं! एलियाहू हन्नाबीनं झाडाला रक्त दिलं, रक्त! दाखवा मला असा डॉक्टर सगळ्या इस्राएलात!"

येरुहामची बस कधी वेळेवर येत नसे, पण शमशोनचा हा नबी, देवाचा प्रेषित, मात्र त्याने बोलावलं की हजर. गारठून काळ्या पडलेल्या झाडांना मात्र नबी हात लावत नसे. "त्या घरात पाप आहे," असं शमशोन सांगे आणि लोक माना डोलावत.

झाड व्हायोलेटचं होतं. खरं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, योसेफचं. रेवदंड्याहून आणलेली कोय त्याने इथे रुजवली, तेव्हा सगळे हसले होते. मग एकेक घर पुढे आलं आणि कोकणातून आलेल्या ज्यूंच्या या वस्तीमागे आंब्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. थंडीत त्यांना पोती गुंडाळायची, उन्हाळ्यात पाण्याच्या नळ्या सांभाळायच्या, असा सगळ्यांचा मिळून संसार चालला होता.

योसेफ गेला आणि व्हायोलेट एकटी पडली. मुलगा यरुशलेमला. फोनवर ती नातवंडांना मराठीत विचारायची, पोरं हिब्रूत उत्तर द्यायची आणि दोन वाक्यांत बोलणं संपायचं. म्हणून ती झाडाशी बोलू लागली. रोज सकाळी अंगणातल्या चुलीची राख बुंध्याशी घालायची, रेवदंड्याला सासूबाई घालायच्या तशी. पानं पिवळी पडू लागली तशी ती जास्तच राख घालू लागली.

शमशोनने नेमकं हेच हेरलं. "योसेफ रुसलाय गो तुझ्यावर," तो म्हणाला होता. "त्याला एकदा गावाला जायचं होतं ना? तू जाऊ दिलं नाहीस."

ही गोष्ट साऱ्या वस्तीला ठाऊक होती. पण व्हायोलेटला वाटलं, योसेफनेच सांगितली असणार. त्यानंतर तिला झोप लागेना. मग लाल पाणी पडलं, पानं हिरवी झाली आणि ती झाडाला मिठी मारून रडली. योसेफने माफ केलं होतं! आता तो शमशोनच्या तोंडून बोलणारही होता. फक्त त्याआधी त्याचा किद्दुशचा, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेत द्राक्षरस घ्यायचा चांदीचा पेला नबीला वाहायचा होता. योसेफची तेवढीच एक वस्तू तिच्याजवळ उरली होती.

तिने पेला पुढे केला.

"मावशी, जरा थांब," गर्दीतून आवाज आला. शाळेतली विज्ञानाची शिक्षिका एदना पुढे आली. "आधी सगळे कोपऱ्यातल्या त्या झाडापाशी चला."

कोपऱ्यातलं झाडही हिरवं झालं होतं.

"इथं कुणी प्रार्थना केली?" एदनाने विचारलं. "शमशोनकाका, तुम्ही?"

"मी... नाही. नबीची मर्जी असेल."

"नबीची नाही, माझी. महिन्यापूर्वी हेही पिवळंच होतं." तिने पिशवीतून पुडी काढली, तपकिरी दाणे बादलीत टाकले आणि ढवळले. पाणी लालभडक झालं. बायकांच्या तोंडून "अगो बाय!" निघालं.

"हे लोहाचं खत आहे. शेतीच्या दुकानात कुणालाही मिळतं. इथल्या मातीत लोह आहे, पण ती चुनखडीची. चुना लोहाला जखडून ठेवतो, मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. या खतातलं लोह चुन्याला दाद देत नाही, ते मुळांपर्यंत पोचतं. गारठून मेलेलं झाड यानं जगत नाही, म्हणून तिथं पाप! काका, जरा मूठ उघडा बघू."

शमशोनने हात मागे घेतला. पण कुणीतरी मनगट धरलं आणि घामाने भिजलेले दाणे सदऱ्यावर सांडले. पांढऱ्या सदऱ्यावर लाल ओघळ उतरले. पूर्वी तो एका फळबागेत कामाला होता, विद्या तिथलीच! त्याने संध्याकाळच्या आत बस धरली.

लोक ओशाळून पांगले. व्हायोलेट पेला पोटाशी धरून उभी राहिली.

"आणि माझी राख?"

"कोकणातल्या लाल मातीत ती चालते, मावशी. इथं ती चुन्यालाच हात देते."

"म्हणजे मीच पिवळं केलं होय त्याला." तिने आपल्या झाडाकडे वळून पाहिलं. "म्हणजे तो रुसला नव्हता?"

"नाही."

"आणि... बोललाही नव्हता?"

एदनाला खोटं बोलवेना. "नाही, मावशी."

व्हायोलेटला रडू फुटलं. महिनाभर तिला वाटत होतं की कुणीतरी आपल्याला उत्तर देतंय. तेवढी सोबतही गेली. एदना तिच्याजवळ बसून राहिली. "आज शब्बाथला माझ्या घरी ये. पेला घेऊन ये."

"तुझी पोरं हिब्रूत बोलतील."

"बोलू देत. तू मराठीत बोल."

वाचकहो, लाल पाण्याचं गुपित पुडीत होतं, ते एका दुपारी उघडं पडलं. पण शमशोनला बागेत वाट मिळाली ती एका एकट्या बाईच्या दारातून, आणि त्या दारात शेजारी म्हणून आपण कुणी गेलो नव्हतो. पान पिवळं पडलं तर माती तपासा. चमत्कार दिसला तर करणाऱ्याची मूठ उघडायला सांगा. आणि शेजारी कुणी झाडाशी बोलताना दिसलं, तर बुवा यायच्या आत तुम्ही जा.

सूर्य कलला तेव्हा व्हायोलेटने चुलीतली राख सवयीने सुपलीत भरली, बागेपर्यंत नेली आणि वाटेवरच्या कचऱ्याच्या डब्यात ओतली. मग पेला पदराखाली घेऊन ती झाडापाशी आली.

"मी एदनाकडे जाते रे," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता निघाली.