रेषेच्या वरचा उजेड

बत्तीवाल्याच्या दुकानात फक्त दिवे दुरुस्त होत. इंजिनातलं त्याला कळत नव्हतं असं नाही, पण पुढच्या काचेपासून मागच्या लाल दिव्यापर्यंतची वायर एवढंच आपलं राज्य, हे त्यानं स्वतःच ठरवून घेतलं होतं. दुकान बोळासारखं लांबट. आतल्या टोकाला पांढरी भिंत आणि तिच्यावर कमरेच्या उंचीला एक काळी आडवी रेष. गाडी आत घ्यायची, शटर खाली ओढून अंधार करायचा, दिवा भिंतीवर पाडायचा. उजेड रेषेखाली राहिला तर दिवा सरळ. वर चढला तर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. भिंतीला रंग दिला तरी रेषेला धक्का लागू द्यायचा नाही, इतका तो त्या रेषेचा होता.

दारात पाटी होती : 'हॅलोजनच्या काचेत एलईडी बसवून मिळणार नाही.' तिच्यावरून रोज कुणीतरी हुज्जत घालून जाई.

"अहो काका, सगळं जग बसवतंय!"

"मग जगाकडे जा," एवढं बोलून तो मान खाली घाली.

घरी तो एकटा. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेक लांबच्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा आणि 'जेवलात का'पासून 'बरं, ठेवते'पर्यंत चार मिनिटांत आटपायचा. पोर गुणी होती, फक्त घाईत होती. दुकानात माणसं दिवसभर येत, पण ती दिव्याकडे येत. किल्ली टेकवायची, फोनमध्ये डोकं खुपसायचं, मधेच 'झालं का?' म्हणायचं. काही दिवशी संध्याकाळी शटर ओढताना त्याच्या लक्षात येई की आज आपण एकही पूर्ण वाक्य बोललो नाही.

अशातच एका गुरुवारी दुपारी सिस्टर आली. पन्नाशीची, खांद्याला दप्तरासारखी औषधांची पिशवी, आणि हातात भावाची जुनी मोटरसायकल. भाऊ परदेशी जाताना ती विकायला निघाला होता, तेव्हा हिनंच ठेवून घेतली. घरोघर जाऊन ती म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, जखमा धुवायची. पहिली पेशंट पहाटे साडेपाचची, गावाबाहेरच्या काळोख्या रस्त्यावरची.

"मिस्त्री, हा दिवा आहे की काजवा? एलईडी लावून द्या. आणि हो, पाटी वाचली मी. का नाही मिळणार, ते आधी सांगा."

गिऱ्हाईकं सगळी त्याला काका म्हणत. मिस्त्री कुणी म्हणत नसे. आणि 'का' असं तर कुणीच विचारत नसे. उत्तर मात्र कित्येक वर्षं तोंडपाठ तयार होतं. त्यानं बल्ब काढून तिच्या हातात दिला.

"आतली तार बघा, केसाएवढी. मागचा आरसा त्या तारेच्या मापानं घडवलाय. ती जिथं आहे तिथूनच उजेड निघाला, तर तो नीट रस्त्यावर पडतो. एलईडीत तार नसते, दोन बाजूंना बारके ठिपके असतात. उजेड मस्त भरपूर, पण आरशाला तो झेपत नाही. मग फेकतो वाटेल तिकडे."

"म्हणजे बाहेरून आलेली सून. घर आपल्या पद्धतीनं चालतं, तिला काय ठाऊक!"

तो हसला. स्वतःचं हसू ऐकून जरा दचकलाच.

खरं सांगायचं तर दुखणं त्याला केव्हाच दिसलं होतं. दिव्याची अर्थिंगची वायर गंजली होती. ती घासून घट्ट केली की जुनाच बल्ब लख्ख पेटला असता. दहा मिनिटांचं काम. पण मग ही बाई किल्ली फिरवून जाणार आणि पुढची दोन वर्षं तिला इथं यायचं काही कारण उरणार नाही.

"पण काही एलईडी जमतात," त्याच्या तोंडून गेलं. "बसवून बघू. सेटिंगला दोन-चारदा यावं लागेल."

पहिल्यांदाच त्यानं आपल्या पाटीकडे पाठ करून काम केलं.

पुढच्या गुरुवारी ती आली. समोरचे लोक शिव्या देतात म्हणाली. त्यानं दिवा खाली झुकवला. भिंतीवरचा पांढरा उजेड तरीही रेष ओलांडून छतापर्यंत सांडलेलाच होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, गाडी हळू झाली की दिवा डोळे मिचकावतो. त्यावर त्यानं अर्धा इलाज केला. ती बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसायची आणि बोलायची. कुठल्या आजींनी थर्मामीटर उशीखाली दडवला, कुठले आजोबा सुईला घाबरून कविता म्हणतात. त्यालाही बोलायला सुचू लागलं. शेजारचा पंक्चरवाला एकदा डोकावून म्हणाला, "काय बत्तीवाले, गुरुवारी दाढी? लग्नबिग्न आहे की काय कुणाचं?"

"ट्यूब बघ तुझी, हवा चाललीय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

चौथ्या गुरुवारी ती गाडी ढकलत आली. इंजिन ठणठणीत होतं, पण ती गाडीवर बसली नव्हती. खोक्यावरही बसली नाही.

"पहाटे एक शिंपी सायकलवरून समोरून येत होते. माझ्या दिव्यानं त्यांचे डोळे दिपले. थेट गटारात. उजवं मनगट मोडलं. मीच नेलं त्यांना प्लास्टरला." तिचा आवाज नेहमीचाच होता, फक्त दुखणेकऱ्याच्या खोलीत बोलावं तसा हळू. "चूक माझी, मिस्त्री. तुम्ही पहिल्याच दिवशी समजावलं होतं, मीच हट्ट केला. गाडी विकतेय. पहाटेच्या आजींना दुसरी सिस्टर बघायला सांगितलंय."

बत्तीवाल्यानं फडक्याला हात पुसले. मग पुन्हा पुसले. गप्प राहिलं तर तो तिच्या लेखी चांगलाच राहणार होता. बोललं तर तेही जाणार. मधला रस्ता त्यानं शोधून पाहिला, तो नव्हता.

त्यानं गाडी आत घेतली, शटर ओढलं. एलईडी काढला, जुना बल्ब परत बसवला. गंजकी वायर घासली, घट्ट केली. इंजिन चालू करून दिवा लावला तसा भिंतीवर पिवळा, दाट उजेड पडला. बरोबर रेषेखाली.

सिस्टर बघत राहिली. "हे किती वेळाचं काम होतं?"

"दहा मिनिटांचं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग तुम्ही परत आला नसता."

बंद शटरआड इंजिन तेवढं चालू होतं. तिनं किल्ली फिरवून तेही बंद केलं.

"माझे काही पेशंट असंच करतात," ती म्हणाली. "जखम भरत आली की खपली काढून ठेवतात. मी यावं म्हणून. मला कळतं ते, रागावते आणि येते. पण ते आपलीच खपली काढतात हो. दुसऱ्याचा हात नाही मोडत."



शटर तिनंच वर केलं. "गाडी नाही विकत मी. आजींना कळवते. पण शिंप्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं, आणि पंक्चरवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण विचारत होता.

शिंप्याचं घर कापडाच्या चिंध्यांनी भरलं होतं. प्लास्टरमधला हात झोळीत आणि शिंपी शिलाई मशीनसमोर, जणू ते आपोआप चालेल. बत्तीवाल्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, गंजलेल्या वायरीपासून. मधे कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही.

"सहा आठवडे," शिंपी म्हणाला. "मुलींच्या शाळेचे चाळीस फ्रॉक पडलेत." मग चिडून, "त्या बाई म्हणतात चूक माझी, तुम्ही म्हणता चूक माझी. वाटून घ्या एकदाची, पण माझ्या घरात येऊन नको."

"चूक माझीच आहे."

"मग ते कापड धरा. घट्ट. रेष मारायची आहे, डाव्या हातानं जमेना झालंय."

त्यानं कापड धरलं. शिंप्याची रेष वाकडी आली, त्यानं पुसून पुन्हा मारली, पुन्हा वाकडी आली. शिवी कुणाला होती ते विचारायची गरज नव्हती. तासाभरात सहा फ्रॉक आखून झाले.

"रोज या दुपारी. चाळीस होईपर्यंत," शिंपी म्हणाला. मग घड्याळाकडे बघून जरा नरम झाला. "थांबा आता, चहा होईल. सिस्टरही येतील पाचला, प्लास्टर बघायला. तुमच्या ओळखीच्याच ना?"

पावणेपाच झाले होते. बत्तीवाल्यानं धरलेलं कापड खाली ठेवलं, त्याची घडी केली, घडी सारखी केली.

"नको. उद्या दोनलाच येतो."

दुकानाकडे जायला पुढचा रस्ता जवळचा होता, पण सिस्टरही त्याच रस्त्यानं येणार होती. तो मागच्या गल्लीतून गेला.