सव्वा महिना अळणी

किसनराव अकोल्यात शहाणे समजले जात. तसं समजणारे मुख्यतः ते स्वतःच होते. बाकीचे त्यांच्या आवाजाला भिऊन माना हलवत. सर्वांत जास्त मान मीच हलवायचो. जिनिंग फॅक्टरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ कोणत्याही रोगावर न विचारता इलाज सांगत. रोगी बरा झाला की श्रेय घ्यायला हजर, आणि गेला की खांदा द्यायलाही पहिले.

त्यांचा धाकटा भाऊ सहदेव म्हणजे माझ्या बहिणीचा, ललिताचा नवरा. शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. त्याला मनाचा आजार होता. कधी चढायचा, कधी उतरायचा. चढला की झोप उडे. एकदा घरी न सांगता परतवाड्याहून सेमाडोहच्या जंगलात जाऊन आला आणि आठवडाभरात शाळेच्या कंपाउंडवर सदतीस वाघ रंगवून मोकळा झाला. वाघ उत्तम होते. नंतर चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गाव दोन्ही वेळा हसलं.

१९६८ साली नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्याला लिथियम नावाचं नवीन औषध सुरू केलं. पांढरी पूड, मोजून बांधलेल्या पुड्या, दिवसातून तीन. मी तेव्हा अमरावतीला राजापेठेतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. घरातला वाचणारा माणूस म्हणून मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "लिहून घ्या." मी लिहून घेतलं. दर महिन्याला रक्त तपासायचं. पाणी भरपूर. मीठ नेहमीइतकंच, कमी नाही, जास्त नाही. उलट्या, जुलाब झाले, हात जोरात कापू लागले, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर पुड्या त्याच क्षणी बंद आणि दवाखाना.

"मिठाचं काय एवढं?" मी भीत भीत विचारलं.

"हेही एक प्रकारचं मीठच आहे. शरीराला रोजचं मीठ मिळेनासं झालं की ते याला धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. मग याचंच विष होतं."

ललिताला मी पुड्यांच्या वेळा सांगितल्या, पाण्याचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. मिठाचं सांगितलं नाही. नेहमीसारखंच खायचं, यात सांगायचं काय, असं मला वाटलं. कागद मी घडी करून एका जाड शब्दकोशात ठेवला. माझ्या शहाणपणाची उडी एवढीच.

वर्ष फार चांगलं गेलं. सहदेव रोज झोपला, रोज शाळेत गेला. किसनरावांना तेच खटकलं. भाऊ बरा झाला आणि त्यात आपला काही हात नाही, हे त्यांना सोसवेना. मे महिन्यात त्यांनी कुलदैवताला नवस बोलला: सहदेवनं सव्वा महिना अळणी खायचं, म्हणजे वेड्याच्या पुड्या कायमच्या सुटतील. तोवर पुड्या चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती. देवावर त्यांचा एवढा विश्वास होता. रक्त तपासायला मात्र जाऊ दिलं नाही. उन्हात कुठी बोंबलत जाता, म्हणाले.

स्वतः ते सकाळी स्टेशनसमोरच्या हॉटेलात मिरचीची भजी खात. कोणी विचारलंच तर म्हणत, "नवस मी बोललो. फेडनारा थो आहे."

जूनच्या सुरुवातीला ललिताचं कार्ड आलं. "यांचे हात कापतात, कपबशी धरवत नाही. भाऊ, येऊन जा."

मी गेलो. अकोल्याचं ऊन तेव्हाही शंभर पावलांत माणसाला वाळवून टाकी. सहदेव खाटेवर बसला होता. उठायला गेला आणि दारुड्यासारखा भिंतीवर आदळला. काही बोलला, पण शब्द तोंडात घोळले. कोपऱ्यात ओकारीचं घमेलं होतं.

"वेड परत आलं," किसनराव माझ्याकडे न पाहताच म्हणाले. "आजपासून पुड्या दुप्पट द्या म्हटलं मी."

ललितानं ताट आणलं. भाकर, वरण, वांग्याची भाजी. मी एक घास घेतला.

"मीठ राहिलं," मी म्हणालो.

"अळणी आहे, भाऊ. पस्तिसावा दिवस."

मी ताट बाजूला सारलं. मला सगळं आठवलं. हात, जीभ, तोल, मीठ. मी म्हणालो, "मला वाटतं... डॉक्टर काहीतरी म्हणाले होते... मिठाबद्दल."

"काहीतरी?" किसनराव हसले. "पुस्तकबुवा, काहीतरी म्हंजे काय? मीठ खा म्हनले का खाऊ नोका म्हनले?"

आणि त्या क्षणी मला खरंच शंका आली. कमी नाही की जास्त नाही? मी उलटं तर ऐकलं नव्हतं? कागद समोर असता तर! समोर माणूस विषानं लटपटतो आहे, आणि मी काय केलं? दुपारच्या एसटीनं कागद आणायला अमरावतीला निघालो. साठ मैल. किसनरावांना मी आयुष्यभर मनातल्या मनात मूर्ख म्हणत आलो, पण मूर्खपणाचा एवढा लांबचा प्रवास त्यांनीही कधी केला नाही.

शब्दकोशात कागद होता. मला आठवलं होतं तेच त्यावर होतं, अक्षर न अक्षर. पहाटेच्या गाडीनं परतलो तेव्हा सहदेवला दुप्पट पुड्यांच्या दोन वेळा झाल्या होत्या. तो डोळे अर्धवट उघडे ठेवून पडला होता आणि बोटं आपोआप उडत होती.

मी उभ्यानंच कागद वाचू लागलो. चष्म्यावर प्रवासाची धूळ बसली होती, ओळ सापडेना.

"थांबा बापा, चष्मा तरी पुसा," किसनराव म्हणाले. "कागद वाचून रोग जाते काय? जात असता तं तुमी पयलवान असते."

ललिता भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी वर मान करून बोलली नव्हती. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, शेवटची ओळ वाचली, उरलेल्या पुड्या पदरात बांधल्या आणि दारात जाऊन ओरडली, "वाहेदभाई, टांगा जुंपा! आत्ता!"

"अवं, पन नवसाचे तीन दिवस..."

"राहू द्या," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागद वाचला, पुड्या पाहिल्या आणि आम्हा सगळ्यांकडे एकदा असं पाहिलं की ते मी अजून विसरलेलो नाही. पुड्या बंद. शिरेतून सलाईन, म्हणजे मिठाचंच पाणी, बाटलीमागून बाटली. चौथ्या दिवशी सहदेवनं माझं नाव नीट घेतलं. महिन्याभरानं नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून, थोड्या मात्रेनं, औषध पुन्हा सुरू केलं.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण किसनरावांनी नवसाचं उद्यापन काढलं. चाळीस पानांची पंगत. सगळं अळणी. हात जोडून ते म्हणाले, "डाक्तरानं हात टेकले होते. देवानं वाचवला. आता आभाराचा म्हनून सहद्या आनखी सव्वा महिना अळणी खाईन."

पंगतीनं माना हलवल्या. माझीही सवयीनं हलू लागली होती. ती मी थांबवली. उठून उभा राहिलो.

"काय, पुस्तकबुवा? पान सांडलं काय?"

"मीठ बंद केलंत तर तो मरेल," मी म्हणालो. आवाज चिरकला, पण शेवटच्या पानापर्यंत गेला. "मागच्या वेळी तुम्ही त्याला मारलाच होता. मी एक दिवस उशीर करून तुम्हाला मदत केली."

"हे कोन्त्या पुस्तकात लिवलं?"

कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. पाणी, रक्त, मीठ, उलट्या, हात, जीभ, तोल: पाठ होतं ते सगळं म्हणून दाखवलं. दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, "पुस्तकबुवाले ऊन लागलं."

मग सहदेव म्हणाला, "ललिता, मीठ वाढ."

"सहद्या, नवस मोडते!"

"थो तं तुमी कधीच मोडला, दादा. रोज सकायी. स्टेशनासमोर, भज्यासंगं."

या वेळी सगळी पंगत हसली. किसनराव उठून हात धुवायला गेले. जेवले नव्हते तरी. ललितानं बरणी आणून सहदेवच्या पानात डाव्या बाजूला नेहमीइतकं मीठ वाढलं. त्यानं चिमटीनं घेऊन वरणात कालवलं. मी खाली बसलो. माझे हात कापत होते, त्याचे नव्हते.