खांबावरचा बोर्ड

कांताच्या शेडच्या बरोबर मधोमध एक लोखंडी खांब उभा होता. पत्र्याच्या छपराचा सगळा भार त्याच्यावर, त्यामुळे तो हलवायची सोय नव्हती. लाकूड गोल करायचं तिचं मशीन त्या खांबाला लागून होतं, आणि विजेचा बोर्ड मात्र दाराजवळच्या भिंतीवर. एक्स्टेंशनची वायर कायम जमिनीवरून आडवी पडलेली. बुधवारी त्या वायरीत पाय अडकून कांताचा नवरा प्रेमानंद चहाच्या ट्रेसकट भुशात पडला. कांता इतकी हसली की त्यानं संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

"खांबावरच बोर्ड पायजे," तिनं त्याच दिवशी ठरवलं आणि नणंदेला फोन लावला. नणंद रेणू आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवायची. तिनं फोनवरच सांगितलं, "वायरीचा पाइप छत धरणाऱ्या कैचीवरून न्या, खांबावरून खाली उतरवा. वळणावर मोठा बेंड लावजा, वहिनी. वायर मी येऊन ओढतो."

रविवारी सकाळी रेणू नंदिनी नगरहून स्कूटीवर आली, कांतानं बसवलेल्या पाइपाकडे वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मोठ्या बेंडच्या जागी हा छोटा काटकोनी एल्बो कावून लावला?"

"तोच हाताशी होता. अन् मले दम निघून नोता राहिला," कांता म्हणाली. "चिकटवून पन टाकला."

रेणूनं वायर ओढायची स्टीलची पट्टी पाइपात घातली. एल्बोशी जाऊन ती अडली. फिरवली, ढकलली, शिव्या घातल्या. पट्टी काही वळेना. कांताचा चेहरा उतरलेला पाहून रेणू म्हणाली, "घरात व्हॅक्यूम क्लीनर आहे ना? आना."

युक्ती अशी होती: प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्याचा छोटा गोळा करायचा, त्याला शिवणाचा दोरा बांधायचा, तो पाइपाच्या वरच्या तोंडात ठेवायचा आणि खालून क्लीनरनं ओढायचा. दोऱ्यामागून सुतळी, सुतळीमागून वायर.

कांता दोऱ्याचं रीळ घेऊन शिडीवर चढली. खांबापाशी प्रेमानंद क्लीनरची नळी ओल्या फडक्यानं पाइपाला दाबून बसला. स्टील प्लांटात त्यानं सारी नोकरी क्रेनवर काढली होती. "जिंदगीभर वर बसून खालच्याचे इशारे पाह्यले. आज मी खाली आहो," असं म्हणून त्यानं ऐटीत हात वर केला आणि बोटं फिरवली. रेणूनं बटण दाबलं.

सूंऽऽ! कांताच्या हातातलं रीळ जिवंत झाल्यासारखं थरथरलं, निसटलं आणि शिडीच्या पायऱ्यांवरून टणाटण उड्या मारत खाली आलं.

"आला! आला!" प्रेमानंद ओरडला.

"मंग बंद करा ना!"

"बटन रेणूपाशी आहे!"

रेणू हसण्यानं दुमडली होती. तिनं बटण शोधेपर्यंत रिळावरचा सगळा दोरा क्लीनरच्या पोटात गेला होता.

दुसरं रीळ कांतानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. या वेळी दोरा नीट आला, त्यामागून सुतळी आली आणि सुतळीला बांधलेल्या लाल, काळ्या, हिरव्या वायरी एल्बोशी येऊन रुतल्या. कांता धावत जाऊन प्रेमानंदची टाल्कम पावडर घेऊन आली.

"अवं, नवा डबा हाय तो!"

"आज खांबाले लावू, उद्या तुमाले," म्हणत तिनं पावडर पाइपात ओतली. प्रेमानंदनं पाय रोवून सुतळी ओढली. वायरी एकदम सुटल्या, पाइपातून पावडरीचा लोट आला आणि तो पांढराशुभ्र होऊन भुशात बसला. एक हात मात्र आपसूक वर गेला होता, क्रेन थांबवायच्या इशाऱ्यात. आता तिघांनाही उभं राहवेना. कांता शिडीला मिठी मारून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कसंबसं भानावर येऊन रेणूनं मेन स्विच बंद केला. "खांब लोखंडाचा आहे. आधी अर्थिंग," म्हणत तिनं हिरवी वायर पक्की केली, मग बाकीच्या जोडल्या, सगळे जोड ओढून तपासले. बोर्ड बसला, मशीनची पिन त्यात लागली. बटण दाबायचा मान प्रेमानंदला मिळाला. त्यानं चपला घातल्या, घसा खाकरला, डोळे मिटले आणि दाबलं.

काहीच झालं नाही.

"वहिनी," रेणू बारीक आवाजात म्हणाली, "मेन चालू करायचं राह्यलं."

पुन्हा हसण्याची उबळ आली. मेन चालू झाला आणि मशीन गरगरलं. कांतानं सागाचा एक तुकडा लावला, पटाशी टेकवली. लाकडाची लांब कुरळी सालपटं प्रेमानंदच्या पावडर लागलेल्या केसांत जाऊन अडकली. काय करायचं हे तिनं ठरवलंच नव्हतं. हात जसा गेला तसा एक भोवरा झाला, जरासा तिरपा.

जमीन आता मोकळी होती. प्रेमानंदनं राहिलेली सुतळी गुंडाळून भोवरा फेकला. तो खांबाला धडकला, वाकडातिकडा नाचला आणि रेणूच्या पायांकडे सुटला. रेणू किंचाळून शिडीवर चढली.

"मले पन एक पायजे," ती वरूनच म्हणाली.

कांतानं दुसरं लाकूड लावायला घेतलंही होतं.