काठातली वाळू

रामहरीने पोत्याच्या खालच्या काठात मूठभर वाळू सोडली, काठ दुमडला आणि दाभण आरपार घातलं. सुतळी ओढताना बोट कापलं, तरी त्याने ते तोंडात धरलं नाही. सध्या स्वतःवर माया करायची त्याची तयारी नव्हती.

"वरातीमागून घोडं," पडवीतून गोजरबाई म्हणाली. बायकोच ती, तिला तेवढा हक्क होता.

रामहरीने पुढचा टाका घातला. घोडं त्याचंच होतं.

दिवाळीनंतर शेजारची दिशा आणि तिचा नवरा सुनील पहिल्यांदाच ऊसतोडीला गेले. सुनीलचं नगरच्या गॅरेजातलं काम सुटलं होतं आणि दिशाच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं. जाताना तिने पाच कोंबड्या रामहरीच्या अंगणात आणून सोडल्या. पाथर्डीकडची रीतच आहे ही. तोडीला जाणाऱ्याने जित्राब मागे राहणाऱ्याकडे सोपवायचं, पिल्लं झाली तर निम्मी-निम्मी. पण या कोंबड्या दिशाच्या माहेरच्या होत्या. टेम्पोत चढता चढता ती माघारी आली होती.

"तात्या, ह्यांना वारं लागू देऊ नका. आईनं दिल्यात."

"आगं, वीस वर्सं तोडीला गेल्तो मी. मला वारं शिकवती व्हय?"

एवढी ऐट! आणि थंडीची लाट आली त्या संध्याकाळी याने स्वतःच्या चार कोंबड्या पडवीतल्या खुराड्यात घातल्या, दिशाच्या पाच मात्र लिंबाखाली उघड्यावर, डालग्याखाली झाकून ठेवल्या. खुराड्यात जागा होती. दाटीवाटीने नऊही मावल्या असत्या. पण परक्या कोंबड्या आत घेतल्या की टोचाटोची होते, आपल्या अंडी द्यायच्या थांबतात, असं काहीबाही त्याने मनाशी म्हटलं आणि कडी लावली. सकाळी डालगं उचललं तर दोन आडव्या पडलेल्या. त्यातली एक उघड्या मानेची, दिशाची लाडकी.

तेव्हापासून गोजरबाई 'आपला तो बाब्या' एवढंच म्हणे आणि पुढचं गिळून टाकी.

मग तीन दिवस तो उरलेल्या तिघींसाठी हे खोपटं बांधत होता. फुटक्या पाइपाच्या तीन कमानी, दोन्ही अंगांना एकेक बांबू, आणि बांबूंची टोकं पुढेमागे बाहेर काढलेली, म्हणजे दोघांना सहज उचलता येतं. सकाळी उन्हात न्यायचं, संध्याकाळी भिंतीच्या आडोशाला ठेवायचं, वारं फिरलं की तोंड फिरवायचं. वरून खताची पोती दुहेरी शिवलेली, मध्ये बाजरीचं सरमड, वाळलेली ताटं. आणि खालच्या काठात वाळू, म्हणजे कुठेही ठेवलं तरी काठ जमिनीला घट्ट बसतो, खालून वारं शिरत नाही.

ही युक्ती त्याला तोडीवरच्या कोपीने शिकवली होती. चार बांबू आणि ताडपत्रीची ती झोपडी तो दरसाल उभी करायचा, उत्तरेची बाजू आधी, कारण गार वारं तिकडूनच येतं, आणि काठात वाळू भरून. वीस वर्षं हाताने केलेलं काम त्या संध्याकाळी त्याला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. परक्याच्या कोंबड्यांसाठी कोण उठतो, म्हणून तो उठला नव्हता. याची लाज त्याला जेवतानासुद्धा सोडत नव्हती.

दिवस कलला होता. शेवटचा टाका घातला आणि मोबाईल वाजला. दिशाचा व्हिडिओ कॉल.

'कुत्र्यानं नेल्या' हे उत्तर त्याने तीन दिवस घोकून ठेवलं होतं.

"तात्या, च्या झाला का? कोंबड्या हायत ना बऱ्या?"

"हे बघ, त्यांना घर बांधलंय," म्हणत त्याने घाईने मोबाईल खोपटाकडे वळवला.

"लई झ्याक! खालून वारं येत न्हाई?"

"न्हाई. काठात वाळू भरलीय."

ती मागे वळून सुनीलला म्हणाली, "आवो, हिकडं या. हे बघा तरी." आणि परत पडद्याकडे येत, "तात्या, आमची कोपी नदीच्या अंगाला हाय. ताडपत्री खालून उडती. बाळ लई खोकतंय. जरा जवळ धरा ना."

त्याने मोबाईल काठाजवळ धरला. जाताना टेम्पोपाशी आपण नुसती ऐट मिरवली, ही वाळूची एवढी गोष्ट या पोरांना सांगितली नाही, हे त्याला आत्ता लख्ख कळलं. तेवढ्यात तिच्या तीन कोंबड्या दाणे शोधत पुढे आल्या. दिशाने त्या मोजल्या नाहीत. तिचं लक्ष काठावरच होतं. गप्प बसला असता तर निभावलं असतं.

"दिशा," तो म्हणाला, "तुझ्या दोन मेल्या. उघड्या मानेची बी गेली. गारठ्यानं. माझ्या आत हुत्या, तुझ्या भाईर."

पलीकडे ताडपत्री फडफडली. दिशाने मान खाली घातली आणि मांडीवरच्या बाळाची टोपी कानांवर ओढली. बराच वेळ ती ओढतच राहिली.

"तात्या," ती वर न बघता म्हणाली, "ती वाळू कशी भरली ते परत दावा. ह्यांना नीट दिसलं न्हाई."

रामहरीने मोबाईल गोजरबाईच्या हातात दिला. मग तो खाली बसला आणि नुकताच शिवलेला काठ दाभणाने उसवायला लागला.

"बघ," तो म्हणाला, "उत्तरंची बाजू आधी."