एकशे चौदाव्या वारुळाची माती

सोल्वेझीच्या रानात सेफास मुलंदू वारुळांची माती गोळा करायचा. तांबं शोधणाऱ्या कंपनीनं रानातून सरळ रेष आखली होती. रेषेवरचं एकेक वारूळ खणायचं, मूठभर माती कापडी पिशवीत घालायची, वर आकडा लिहायचा. वाळवी खोलातली माती वर आणते, म्हणून वारूळ खोटं बोलत नाही, असं मोजणीवाल्या न्गोमाबाई सांगायच्या.

त्या सकाळी रेष त्याच्याच आईच्या परसात शिरली. आकडा एकशे चौदा.

वारुळाच्या अंगाखांद्यावर आईचे भोपळे आणि माथ्यावर, वणवा विझला की दरवर्षी उमलणारी जांभळी फुलं. आई उखळात मका कांडत होती, तोंडानं नेहमीचंच:

वारुळाच्या डोई, फूल जांभळं डोलतं,
खाली दडलेलं तांबं, त्याच्या तोंडून बोलतं.

"आई, आज नको गं ते गाणं."

"का रे? फुलाला ठाऊक, वाळवीला ठाऊक, तुझ्या कंपनीलाच तेवढं ऐकू येत नाही!" ती हसली. "पाणी पी. जावयासारखा उभा काय राहिलास?"

त्यानं पाणी तसंच खाली ठेवलं. नदीपलीकडच्या गावात तांबं निघालं आणि गाव उठवलं, तेव्हाचं त्यानं पाहिलं होतं. पत्र्याच्या एकसारख्या घरांची रांग, आणि आपलं दार कुठलं म्हणून विचारत फिरणारी म्हातारी माणसं.

त्यानं आईच्या वारुळाला फावडं लावलंच नाही. मागच्या झाडीत गावाची दफनभूमी होती, तिथल्या वारुळापाशी त्याचा बाप निजला होता. फूल नाही तिथं तांबं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि त्या वारुळावर जन्मात एक फूल उगवलं नव्हतं. "बा, मूठभरच नेतो," तो पुटपुटला. पिशवी भरली. वर लिहिलं, एकशे चौदा.

दुपारी आंब्याखाली न्गोमाबाई मातीतलं तांबं मोजणारं बंदुकीसारखं यंत्र एकेका पिशवीला टेकवत होत्या. एका पिशवीपाशी थांबल्या. यंत्राचं तोंड पुसलं, पुन्हा टेकवलं.

"सेफास! अख्ख्या रेषेत एवढा आकडा नाही!"

गडी ओरडलेच. "काम टिकलं रे! सेफास, तुझ्या आईच्या भोपळ्यात आता तांब्याच्या बिया निघणार!" कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली.

ती थाप बसली आणि त्याला उमगलं. दफनभूमी बायका झाडतात. दर शनिवारी, गवताचं पातंही राहू देत नाहीत. त्याची आईच सगळ्यांच्या पुढं. जिथं अंकुर टिकू दिला नाही, तिथं फुलानं बोलायचं कुठून?

खरं सांगावं तर खणायचं यंत्र बापाच्या छातीवर. गप्प राहावं तर आईच्या चुलीवर.

"चल, जागा दाखव," न्गोमाबाई उठल्या. "खणायच्या जागेची खुंटी आजच मारू."

वाट एवढीशी होती, तीही सरली. बाई कुंपणाशी चपलेतला खडा काढायला थांबल्या, तेवढ्यात तो आईच्या कानाशी वाकला. "ती माती बाच्या उशाची होती. तिथंच तांबं निघालं."

मुसळ हातातच राहिलं. "तिथं? तिथं तर मी काडी..." तिची नजर भिंतीला टेकलेल्या खराट्याकडे गेली आणि तिथंच अडकली.

"माती नेमकी कुठून घेतली?" बाईंनी आत येत विचारलं.

सेफास खांद्यावरचा हातोडा खाली उतरवू लागला.

"इथूनच," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

तिनं भोपळ्याचे वेल हातानं बाजूला सारले, जागा केली, खुंटी स्वतः धरली. बाईंचा हात मागच्या झाडीकडे वळला. "इथं खणलं की कळेल, तांबं कुठवर पसरलंय ते. बहुतेक तिकडेच जात असेल."

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"हात काढ, आई. लागेल."

"लागू दे. ठोक तू."

वारूळ दगडासारखं होतं. एक घाव, दुसरा, तिसरा. खुंटी आत जाईपर्यंत तिनं हात काढला नाही.