टिकल्यांचा अमोनिया

"हाई काय शे?"

भिकुबाईने टिकल्यांची दोन पाकिटं चहाच्या कपाशेजारी आपटली. एक लाल, एक हिरवं. सुनेची पर्स तिने आज पहिल्यांदाच उघडली होती.

ब्राह्मणपुरीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. बन्सीलालच्या दुकानातून चारुलता निघते न निघते तोच शेजारची बेबीबाई ओट्यावर हजर! तुमच्या सुनेने टिकल्या घेतल्या, तेही दोन पाकिटं!

नवरा, नवनीत, वारल्यापासून चारुलताचं कपाळ मोकळंच होतं; विधवा सासूचं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण आरशावरच्या जुन्या टिकल्या सासूने खरडून काढल्या, त्यावर आणखी काय सांगायचं राहिलं?

"दुसरं घर दखी ऱ्हायनी का तू?" भिकुबाईचा आवाज चढला आणि तिथेच फाटला. "जाशी ते जाय. मी आडी येवाव नही. पन सांगीसन जाय वं पोरी."

चारुलताला आधी हसूच आलं. मग तिने म्हातारीकडे पाहिलं. या बाईला आता माझ्याशिवाय आहे तरी कोण?

"नही वं माय. शाळाकरता शेतस त्या."

ती अकरावीला रसायनशास्त्र शिकवायची, आणि पोरांनी तिला आठवडाभर रडवलं होतं. फळ्यावर इलेक्ट्रॉन म्हणून काढलेले खडूचे ठिपके सगळे पांढरेच. बंध जुळला की कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा, कळायला मार्ग नाही. वर्गात माना डोलवायच्या आणि पेपरात बोंब!

हे सासूला कसं सांगावं? तिने खडू घेतला आणि फरशीवरच अमोनियाची मांडामांड सुरू केली. मधे नायट्रोजन, त्याच्या पाच लाल टिकल्या. तीन बाजूंना तीन हायड्रोजन, प्रत्येकाची एकेक हिरवी. एक लाल, एक हिरवी, अशा तीन जोड्या लागल्या. भिकुबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. वरच्या बाजूला दोन लाल तशाच होत्या.

"ह्या दोन येकल्याच काबरं?"

"येकल्या कोठे? दोनीजनी संगे शेतस ना." चारुलता म्हणाली. "त्यासले कोठेच जावानं नही."

भिकुबाईने त्या दोन लाल टिकल्या बोटाने चाचपल्या. मग म्हणाली, "चहा निवी गया," आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात टिकल्यांचा अमोनिया झकास जमला. मागच्या बाकावरचा मिथुनसुद्धा फळ्यापाशी येऊन स्वतः जोड्या लावून गेला. लाल पाकिटातली एक टिकली तेवढी कमी भरली.

संध्याकाळी ती घरी आली. दार भिकुबाईनेच उघडलं.

"समजनं का पोऱ्यासले?"

"समजनं, माय. एक टिकली कमी पडनी."

"पडी गयी व्हई कोठे तरी."

एवढं बोलून म्हातारी लगबगीने पाणी आणायला वळली. तिच्या सुरकुतलेल्या कपाळावर, जरा डावीकडे कललेली, एक लाल टिकली होती. काढायची विसरली असावी.

पाण्याचा पेला चारुलताने दोन्ही हातांनी घेतला.